जावयाला सांगितलेला नंबर

जे. पी. नगर, बेंगळूरु
अधिक ज्येष्ठ, शुक्रवार
२९ मे २०२६

श्री. अजितराव यांस,
कस्तुराबाई खोराटे यांचा नमस्कार.

एरवी मी तुम्हाला 'चिरंजीव' लिहिते आणि पुढे अनेक आशीर्वाद. आज पेन तिथे अडलं, म्हणून नमस्कारावर भागवलं आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत. ह्यांचा गुडघा बरा आहे, सकाळी बागेपर्यंत जाऊन येतात. आंबा महाग आहे. रंजिता स्वल्प दिवस माहेरपणाला आली आहे असं मी शेजारणींना सांगते. तुम्हाला ते सांगण्यात अर्थ नाही.

बेळ्ळंदूर ते जे. पी. नगर, एकाच गावात राहून पोस्टानं पत्र काय पाठवते म्हातारी, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "आई" म्हणून सुरुवात करता आणि मग सगळं तुम्हीच बोलता. मी "हो हो, सरी सरी" म्हणत राहते आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की माझं सांगायचं राहूनच गेलं. कागद मध्येच तोडत नाही. आणि हे रजिस्टर पत्र आहे, तुमच्या हातात पडलं की तुमच्या सहीची पोच मला येते.

विषय ब्रॉडबँडचा आहे. तुम्ही हसाल. पहिल्यापासून लिहिते, कारण तुम्हाला अर्धंच माहीत आहे. आणि नेमकं तेच अर्धं आम्हाला माहीत नव्हतं.

रंजिता आली ती एका बॅगेनिशी आली. लॅपटॉप तुमच्याकडेच राहिला. तिच्या फोनचं सिम तुमच्या नावावर, ते तुम्ही त्याच आठवड्यात बंद करून टाकलंत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आई, प्लॅन बदलतोय, दोन दिवसांत चालू होईल." मी तिला तसंच सांगितलं. ती बंद फोन उशाशी ठेवून झोपायची, जसं काही त्याच्यात अजून जीव आहे.

तिला नोकरी लागली होती हे तुम्हाला माहीत होतं. घरी बसून करायचं काम, एक जूनला रुजू व्हायचं. कंपनीची अट एकच, घरात चांगलं इंटरनेट पाहिजे. कॉम्प्युटर तिचा कॉलेजातला, पोटमाळ्यावर जुन्या इरकलीत गुंडाळून ठेवलेला. तो आम्ही दोघींनी उतरवला, देवघराशेजारच्या टेबलावर मांडला. त्याच्यात लिनक्स आहे. कॉलेजात असताना तिनेच घातलं होतं. विंडोज विकत घ्यावं लागतं, नाहीतर चोरून घालतात. हे फुकट मिळतं आणि चोरीचंही नाही, असं तिने समजावलं होतं. तेव्हाच मी म्हटलं होतं, मग हेच चांगलं की. तुम्ही मात्र लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ते बघून पाहुण्यांसमोर म्हणाला होतात, "हे भिकाऱ्यांचं सॉफ्टवेअर कशाला ठेवलंय?" सगळे हसले. मीही हसले. जावई विनोद करतात तेव्हा हसायचं असतं.

कनेक्शन घ्यायचं ठरलं तेव्हा हे म्हणाले, "अजितरावांना विचार आधी. त्या लाइनीतले आहेत, न विचारता घेतलं तर वाईट दिसेल." रंजिता म्हणाली, "आई, नको विचारूस." नुसतं एवढंच. कारण सांगितलं नाही. आणि मी जावयाचा मान मोठा धरला, लेकीचा शब्द लहान. तुम्हाला फोन करून कुठल्या कंपनीचं घेऊ, किती वेगाचं घेऊ, सगळं विचारलं. तुम्ही किती गोड बोललात हो! "आई, तुमच्या नावानं घ्या, तुमचा मोबाईल नंबर द्या, काही अडलं तर मी आहे." मी फोन ठेवून ह्यांना म्हटलं, "बघा, रागावलेले असले तरी मनानं चांगले आहेत."

ठरल्या दिवशी नागराज नावाचा लाइनमन आला. भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली, दारामागे पांढरा डबा बसवला, डब्यावर हिरवा दिवा लागला. मग कॉम्प्युटरसमोर बसला आणि तिथेच थांबला.

"अम्मा, इदु विंडोज अल्ला," म्हणाला. म्हणजे हे विंडोज नव्हे.

रंजिता म्हणाली, "नव्हे. लिनक्स आहे."

"आमचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो, अक्का. ह्याच्यावर नाही येत. विंडोज टाकून घ्या, मग फोन करा, मी येतो."

"प्रोग्राम नको मला, यूजरनेम आणि पासवर्ड तेवढा द्या."

"ते कागदावर आहे, अक्का. पण मी लावून नाही देऊ शकत. उद्या नाही चाललं तर तुम्ही म्हणाल नागराजनं बिघडवलं." चहा मात्र घेतला. जाताना मला हळूच म्हणाला, "अम्मा, अळियंदिरु सॉफ्टवेअरमधले ना? त्यांना सांगा, दहा मिनिटांत करतील." अळियंदिरु म्हणजे जावईबापू. पाहा, परक्या माणसालासुद्धा तुमचाच भरवसा!

त्याच दिवशी दिवेलागणीला तुमचा फोन आला. माझ्या हातात निरांजन होतं. तुम्ही म्हणालात, "आई, झालं का कनेक्शन?" मी लाइनमनचं रडगाणं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मी इथून बघतो. तुमच्या मोबाईलवर आत्ता एक नंबर येईल. ब्रॉडबँडवाल्यांचाच आहे. तेवढा वाचून दाखवा."

नंबर आला. मी निरांजन खाली ठेवलं आणि वाचून दाखवला. मॅट्रिक झाले आहे मी, इंग्रजी सावकाश का होईना वाचता येतं. नंबराच्या वर काय लिहिलं होतं ते वाचलं असतं तर कळलं असतं. वाचलं नाही. जावई म्हणतात ब्रॉडबँडवाल्यांचा, तर ब्रॉडबँडवाल्यांचा. चष्मा लावून खात्री करायची म्हणजे तुमच्यावर अविश्वास दाखवायचा. आमच्या निपाणीकडे जावयानं पाणी मागितलं तर कशाला हवं असं कोणी विचारत नाही.

तुम्ही म्हणालात, "थँक्यू आई. झालं काम." आणि खरंच झालं होतं तुमचं काम.

पुढचे दोन दिवस ती पोरगी त्या कॉम्प्युटरशी झुंजली. हा जुना असल्यामुळे वायफाय पकडत नव्हता, म्हणून डब्यापासून देवघराच्या कट्ट्याखालून लांब वायर ओढली. मी कागदावरचं यूजरनेम अक्षर अक्षर वाचत होते, ती नेटवर्कच्या सेटिंगमध्ये भरत होती. एकदाचं 'कनेक्टेड' आलं, तर एकही पान उघडेना. प्रत्येक पानावर तीच तांबडी पाटी, हे सुरक्षित नाही म्हणून. ती डोकं धरून बसली. मी मागे उभी राहून बघत होते. कोपऱ्यात तारीख दिसत होती, ती कधीची काय!

"अगं, ह्याच्या मते तू अजून शाळेत आहेस," मी म्हटलं.

तिनं बघितलं आणि हसायला लागली. किती दिवसांनी हसली असेल. म्हणाली, "आतला सेल मेलाय, आई. ह्याला आज कुठला दिवस तेच ठाऊक नाही, म्हणून कुणावर विश्वास ठेवत नाही." घड्याळात घालतात तसलाच सेल. मी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून आणला, तिनं पेटी उघडून बसवला, तारीख बरोबर केली. पान उघडलं. मी देवाला साखर ठेवली. नागराजला जे जमलं नाही ते माझ्या लेकीनं केलं, तेही तुमच्या भिकाऱ्यांच्या सॉफ्टवेअरवर.

मग तिनं आपली मेल उघडायला घेतली. कंपनीचं पत्र आलेलं असणार, त्याला उत्तर द्यायचं होतं. पासवर्ड चुकीचा म्हणू लागलं. पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. ती म्हणाली, "थांब, तुझ्या फोनवर नंबर येईल, तो सांग." तिची मेल ती कॉलेजात असताना उघडलेली, तेव्हा घरात एकच मोबाईल होता, माझा. अजूनही तिथे माझाच नंबर आहे. हे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं.

नंबर आला. मी चष्मा लावला. आणि दिसलं की हुबेहूब असाच निरोप वरती आणखी एक आहे. मेलचा पासवर्ड बदलण्यासाठीचा नंबर, तेच शब्द, तेच नाव, फक्त आकडे वेगळे. दिवेलागणीची वेळ.

मी म्हटलं, "अगं, हा तर परवाही आला होता. ब्रॉडबँडचा. अजितरावांनी विचारला होता."

अजितराव, तिच्या तोंडाकडे बघवलं नाही मला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, दोन्ही निरोप वाचले, नवीन नंबर घातला आणि मेल उघडली. गेलेल्या पत्रांत एक पत्र होतं. तिनं ते मला मराठीत वाचून दाखवलं. "माझ्या घरच्या जबाबदाऱ्यांमुळे आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यानं मी ही नोकरी स्वीकारू शकत नाही. तसदीबद्दल क्षमस्व. रंजिता." खाली कंपनीचं उत्तर, वाईट वाटलं, शुभेच्छा.

वडीलधारे कोण हो? मी? हे? आमच्या तोंडून काय काढायचं ते आम्हाला न विचारता ठरवलंत! लेकीच्या नावानं तुम्ही लिहिलंत, आमच्या सल्ल्यानं लिहिलंत आणि दार माझ्या हातानं उघडलंत. हातात आरती असताना. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी स्वतःला मूर्ख म्हटलं असतं. तुम्ही मला मूर्खपणामुळे फसवलं नाहीत, मानामुळे फसवलंत. मी तुम्हाला देत असलेला मान हीच तुमची किल्ली होती. ह्याचा राग मला जितका आला आहे तितका आजवर कशाचाच आला नाही, माझे दागिने चोरीला गेले होते तेव्हाही नाही.

तुमच्या मातोश्रींना मी लगेच फोन केला. सुनंदाताई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, काळजीपोटी केलं असेल त्यानं. नोकरी लागली की मुली परत येत नाहीत." म्हणजे त्यांनाही कळत होतं की ती परत यावी असं त्या घरात काही नाही, नोकरी नसणं सोडून. ह्या पत्राची नक्कल त्यांनाही पाठवते आहे.

आता एक गोष्ट लिहायची टाळत होते, ती लिहिते. ती आली त्या दिवशी मी तिला पहिलं काय विचारलं असेल? पाणी हवं का, जेवलीस का, असं नाही. "मारत तर नाहीत ना?" ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "मग?" त्या 'मग'चं उत्तर तिनं मला दिलं नाही, आणि मी ते तसंच सोडलं, कारण मला ते ऐकायचं नव्हतं. तिचा पगार तुमच्या खात्यात जायचा, तिचा फोन रोज तुम्ही उघडून बघायचात, मागची नोकरी तुम्हीच सोडायला लावलीत, भाजी आणायला गेली तरी किती वेळ लागला ते विचारायचात. हे सगळं मला आता कळलं आहे. कोणी हात उचलत नाही म्हणजे सगळं ठीक, एवढीच आमची पट्टी. तुम्ही त्या पट्टीच्या बरोब्बर खालून गेलात.

रंजितानं माझ्याच फोनवरून कंपनीच्या निवेदिता मॅडमना फोन लावला. बाई चांगल्या. म्हणाल्या, "माझा विश्वास आहे. पण जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं चाललं आहे, आणि आमच्या वरच्यांना लेखी लागेल. ते पत्र तुमचं नव्हतं, तर कुणाचं, आणि तो आत कसा शिरला? ते कळल्याशिवाय आमच्या कामाच्या फाइली तुमच्या हाती कशा देणार?" शुक्रवार सकाळपर्यंतची मुदत दिली.

फोन ठेवून रंजिता म्हणाली, "मी लिहिते, कुणीतरी हॅक केलं म्हणून. नाव नाही लिहायचं."

"त्यांना नाव हवंय."

"मग जाऊ दे नोकरी. आई, त्याचं नाव एकदा लिहून गेलं की सगळ्यांना कळेल."

हे पलीकडे पेपर घेऊन बसले होते. म्हणाले, "बरोबर बोलते आहे ती. लेकीचा संसार आहे, कस्तुरा. कागदावर जावयाचं नाव आलं की ते पुसता येत नाही. स्वल्प दम धर."

मी म्हटलं, "दम कुणी धरायचा? त्यांनी धरला का?"

"अधिक महिना चालू आहे. रविवारी पौर्णिमेला वाणाला बोलावलं आहेस त्यांना. त्या माणसाला तू विष्णू म्हणून पाटावर बसवणार, आणि आज त्याच्याविरुद्ध लिहून देणार?"

अजितराव, मी ह्यांना आजपर्यंत उलट बोललेली नाही असं नाही, खूप बोलले आहे, पण देवाधर्माच्या बाबतीत कधी नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "विष्णूनं कुणाचं पत्र दुसऱ्याच्या नावानं लिहिलेलं मी कुठल्या पोथीत वाचलं नाही."

अनारशांचं पीठ तयार होतं. तांदूळ तीन दिवस भिजवून, कांडून, गुळात मळून ठेवलेले. टाकवत नाही मला, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. काल सकाळी तळले, खसखस भरपूर लावली. तांब्याच्या ताटात मांडून वर दिवा ठेवला आणि विठ्ठलाच्या देवळात जाऊन त्याच्याच पायाशी ठेवून आले. जावयाच्या हाती द्यायचं ते शेवटी त्यालाच पोचावं म्हणून ना? मधला माणूस गाळला. पुजारी म्हणाले, "जावई गावाला गेले का?" मी म्हटलं, "जावई आहेत जागेवर. मी हलले आहे." तेव्हा रविवारी येऊ नका. आलात तर घरात आम्ही तिघंही असू आणि दार उघडणार नाही.

देवळातून आल्यावर पाय धुतले आणि कागद घेऊन बसले. कोर्टकचेरीचा कागद आमच्या घरात कधी बाईमाणसानं लिहिलेला नाही. मी मराठीत लिहिला, रंजितानं त्याच कॉम्प्युटरवर त्याचं इंग्रजी केलं. मी लिहिलं, "मी कस्तुरा पिराजी खोराटे, माझ्या मोबाईलवर आलेला नंबर माझे जावई अजित यांनी ब्रॉडबँडचा आहे असं खोटं सांगून माझ्याकडून घेतला." रंजितानं 'माझे जावई' एवढे शब्द गाळले होते. टाइप करताना बोट थबकलं असेल. मी म्हटलं, "ते शब्द घाल. त्याच्याशिवाय मी नंबर का दिला ते कुणाला कळणार नाही."

ती म्हणाली, "आई, उद्या लोक तुलाच नावं ठेवतील."

"ठेवू देत. मी बरीच वर्षं चांगली म्हणवून घेतलंय, आता थोडी वाईट म्हणवून घेते."

पुरावा म्हणून दोन्ही निरोपांचा फोटो जोडला. तुमच्या फोनची वेळही माझ्या मोबाईलमध्ये आहे. खाली सही केली. ह्यांना मी कागद वाचायला दिला. त्यांनी वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग म्हणाले, "साक्षीदार म्हणून दुसरी सही लागत असेल की," आणि खाली 'पिराजी खोराटे' अशी सही केली. त्यांना राग आला की ते शांत होतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. काल ते फार शांत होते.

आज सकाळी निवेदिता मॅडमचा फोन आला. सोमवारी या म्हणाल्या. म्हणजे यायचं कुठे नाही, आहे तिथेच टेबलाशी बसायचं. त्यांनी हेही सांगितलं की दुसऱ्याच्या मेलमध्ये असं शिरणं हा गुन्हा आहे आणि पोलिसांत द्यायचं असेल तर कंपनी कागद देईल. रंजिता म्हणाली, "बघू." मी तिला घाई करणार नाही. ते तिचं आहे. पण विचारलं तर माझं उत्तर तयार आहे, आणि मी ते ठाण्यात उभी राहून सांगेन, कन्नडात सांगेन, कुणाला दुभाषा लागणार नाही.

तिचं नवं सिम तिच्या नावावर घेतलं. मेलमधला माझा नंबर तिनं काढून टाकला. मी म्हटलं, "राहू दे की, आता मी कुणाला सांगत नाही." ती म्हणाली, "तुझ्यावर विश्वास आहे गं, पण तुला पुन्हा असं कुणी विचारायलाच नको." त्यानंतर मी जरा स्वयंपाकघरात जाऊन आले.

तिची प्रमाणपत्रं, आणि लॅपटॉप, एका माणसाबरोबर पाठवून द्या. तुम्ही स्वतः आणू नका. साड्या नाही पाठवल्यात तरी चालेल, साड्या आम्ही आणू.

तुमच्या लक्षात आलं असेल, इतकं लिहूनही मी अजून 'तुम्ही'च म्हणते आहे. मनातल्या मनात कितीदा 'अरे' म्हणून झालं, तुम्हाला सांगत नाही. पण 'अरे' आपल्या माणसाला म्हणतात. लेकराला, भावाला, देवालासुद्धा. तेवढे जवळचे तुम्ही आता उरला नाहीत.

रंजिता ह्या पत्रात काय लिहिलं आहे ते विचारत नव्हती. आत्ता येऊन बाजूला बसली आहे. मी म्हटलं, "तुला काही लिहायचं आहे का त्यांना?" तिनं विचार केला. म्हणाली, "लिही, मी येणार नाही."

म्हणून लिहिते. ती येणार नाही.

तिच्या सांगण्यावरून, आणि ह्या वेळी पूर्ण वाचून सही करणारी,

कस्तुरा पिराजी खोराटे
रंजिताची आई